तसं काही घडलं नाही

मागच्या महिन्यात सासऱ्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, टीयूआरपी म्हणतात ते, त्यामुळे टाके वगैरे नाहीत, पण पहिली रात्र जागून काढायची असते, कारण कॅथेटरमधून सतत सलाईन आत सोडतात, त्याला इरिगेशन म्हणतात, आणि ते युरोबॅगेत, म्हणजे लघवीच्या पिशवीत, बाहेर येत राहावं लागतं, नाहीतर रक्ताच्या गुठळ्या साचतात. रात्र मीच मागून घेतली. घरात नर्सिंग शिकलेली मी एकटी, पंचवीस वर्षं याच कामात गेली, त्यातली शेवटची बारा शिकवण्यात, मग दुसरं कोण थांबणार. एक वाजेपर्यंत दर वीस मिनिटांनी उठून बॅग बघत होते, आधी गुलाबी, मग फिकट गुलाबी, मग जवळजवळ पाण्यासारखं, आणि मग त्या नातेवाइकांसाठीच्या रेक्झिनच्या बाकावर जरा पाठ टेकली आणि डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली ती लोखंडाला लोखंड घासल्याच्या बारीक आवाजाने. पावणेतीन वाजले होते. रात्रीची सिस्टर, असेल बावीस-तेवीस वर्षांची, खाटेच्या बाजूला उकिडवी बसली होती, एका हातात मोबाईलचा टॉर्च आणि दुसऱ्या हाताने रेलिंगखाली चिमटलेली नळी सोडवत होती. नळी मोकळी झाली आणि अडलेलं पाणी बॅगेत भसकन आलं. ती तशीच बसून ते बघत राहिली, धार संथ होईपर्यंत. मग उठून सासऱ्यांच्या ओटीपोटावर चादरीवरूनच तळहात ठेवला, अलगद दाबून बघितलं, वरच्या सलाईनचा वेग थोडा कमी केला, परत बॅगेकडे बघितलं. मी एव्हाना उठून बसले होते. म्हटलं, काय झालं सिस्टर?

"काही नाही काकू. झोपा तुम्ही."

आणि गेली पण पुढच्या बेडकडे. रबरी चपलांचा चटक चटक आवाज लांब लांब जात राहिला. मला काही परत झोप लागली नाही. नळी अशीच तासभर चिमटलेली राहिली असती तर काय झालं असतं हे मला नीट माहीत होतं, वर पाणी चालू आणि खाली वाट बंद, म्हाताऱ्या माणसाचं मूत्राशय फुग्यासारखं ताणलं गेलं असतं, आतून परत रक्त सुरू झालं असतं, पहाटे धावपळ, कदाचित परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेणं. त्यातलं काहीच झालं नाही. मी दोन फुटांवर झोपले होते याची लाज वाटत होती ती वेगळीच. पण रात्रभर डोक्यात घोळत राहिले ते तिचे दोन शब्द, काही नाही. कारण हे शब्द मी यापूर्वी एकदा ऐकले होते, म्हणजे ऐकले नव्हते, वाचले होते, माझ्याच एका फॉर्मवर, निळ्या शाईत, आणि तेव्हा त्यांचं मी जे केलं ते मला अजून नीटसं सहन होत नाही.

एम.एस्सी. नर्सिंगला असताना मी डिसर्टेशनसाठी क्रिटिकल इन्सिडंट टेक्निक घेतलं होतं. बाकी सगळ्या मैत्रिणी 'अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' या एकाच साच्यातले विषय घेत होत्या, आधी प्रश्नावली, मग चार्ट लावून शिकवायचं, मग परत तीच प्रश्नावली, मग टी टेस्ट. मला ते नको होतं. आठ वर्षं वॉर्डात काम करून मी शिकायला आले होते आणि मला एकच पाहिजे होतं, की कुणीतरी सिस्टरना विचारावं, तुम्ही नक्की काय करता. एक ते पाच आकड्यांवर गोल करा असं न विचारता, तोंडाने सांगायला लावून विचारावं. लायब्ररीत एका जुन्या झेरॉक्समध्ये फ्लॅनगनचा लेख सापडला, १९५४ सालचा, तीसेक पानांचा, आणि तो मी बसच्या प्रवासात दोनदा वाचून काढला. नर्सिंगचा त्यात फारसा संबंध नाही, सुरुवात तर सगळी विमानांचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या हवाई दलात हा माणूस मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करत होता आणि तिथे त्यांनी १९४१ मध्ये वैमानिक प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या हजार पोरांची कागदपत्रं तपासली, की बाबा यांना काढलं कशासाठी. तर कागदोपत्री बरीचशी कारणं काय, 'निर्णयशक्ती कमी', 'उपजत कौशल्य नाही', 'स्वभाव योग्य नाही', 'प्रगती अपुरी'. म्हणजे काहीच नाही. त्या पोराने विमान उतरवताना नक्की काय केलं किंवा काय केलं नाही, ते असल्या शेऱ्यांत कुठेच नाही, नेमकी निरीक्षणं होती ती वेगळी.

ते वाचताना मला आमचे गोपनीय अहवाल आठवले. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही आठवतील. 'कामात समाधानकारक.' 'वर्तणूक चांगली.' 'हलगर्जीपणा आढळतो.' तीस-तीस वर्षं रात्री जागलेल्या बायकांबद्दल कपाटात एवढंच लिहिलेलं असतं. फ्लॅनगनचं म्हणणं साधं होतं, विशेषणं नकोत, प्रसंग सांगा. कुठे होतात, समोर काय होतं, तुम्ही काय केलंत, त्याचा परिणाम काय झाला. ज्यानं हे केलं त्याचा हेतू बघणाऱ्याला स्पष्ट कळला पाहिजे आणि परिणामही निश्चित असला पाहिजे, मग तो प्रसंग क्रिटिकल. चांगलं केलेलं आणि चुकलेलं दोन्ही गोळा करायचं. त्याच युद्धातल्या वैमानिकांच्या अशाच हकिगती फिट्स आणि जोन्स या दोघांनी गोळा करून १९४७ मध्ये मांडल्या होत्या, कंट्रोल वापरताना झालेल्या ४६० चुका, आणि त्यात परत परत एकच दिसत होतं की एकाच आकाराचे दांडे शेजारी शेजारी असले की माणूस एकाऐवजी दुसरा ओढतो, फ्लॅपऐवजी चाकांचा. तोपर्यंत त्याला 'वैमानिकाची चूक' म्हणून मोकळे होत होते. मला हे वाचून इतका आनंद झाला होता, की रात्री अकरा वाजता होस्टेलच्या गॅलरीत रूममेटला उठवून सांगत बसले, अगं बघ, माणसाला दोष द्यायच्या आधी प्रसंग ऐकून घेतला तर दोष दांड्याचा निघतो.

आमच्याकडे तो दांडा कुठला ते मला चांगलं माहीत होतं. पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल, जे पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं, आणि डिस्टिल्ड वॉटरची अँप्युल, एकाच ट्रेमध्ये, तेवढीच उंची, तसलंच पारदर्शक प्लास्टिक, अक्षरं बारीक.

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर व्हायला वेळ लागला. स्टॅटिस्टिक्सचे सर विचारत होते सँपल साईज किती, आणि मी सांगत होते की सर यात माणसं मोजत नाहीत, प्रसंग मोजतात, एका सिस्टरकडे चार असतील, एकीकडे एकच असेल, आणि थांबायचं कधी तर नवीन शंभर प्रसंग गोळा करूनही जेव्हा त्यातून दोन-तीनच नव्या गोष्टी निघतात तेव्हा. सरांचा चेहरा काही खुलला नाही, पण शेवटी वीसेक सिस्टरवर ठरलं. मग टूलचं, म्हणजे प्रश्नांच्या फॉर्मचं, भाषांतर. हे ज्यांनी एम.एस्सी. केलंय त्यांना माहितेय, इंग्रजी टूल मराठीत करून घ्यायचं, मग दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत, दोन्ही जुळलं की सर्टिफिकेट. माझ्या टूलचं भाषांतर एका मराठीच्या प्राध्यापकांनी करून दिलं, शुद्ध, निर्दोष. पहिलाच प्रश्न असा होता, 'आपल्या सेवाकाळातील एखाद्या गंभीर घटनेचे सविस्तर वर्णन करा.' परत इंग्रजीत केलं तर बरोबर क्रिटिकल इन्सिडंटच येत होतं. सर्टिफिकेट मिळालं. मीही सही केली.

आता विचार करा, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, दुपारी दीडला, मॉर्निंग ड्युटी संपवून घरी जायच्या घाईत असलेल्या सिस्टरपुढे कुणीतरी पॅड धरतं आणि म्हणतं गंभीर घटना लिहा. आमच्याकडे पेशंट गंभीर असतो म्हणजे नातेवाइकांना बोलावून घ्या असा असतो. आणि घटना म्हणजे काय, तर ज्याचा नंतर इन्सिडंट रिपोर्ट होतो, चौकशी लागते, मेमो येतो, कारणे दाखवा येतं, युनियनच्या ताईंना फोन करावा लागतो. ते दोन शब्द शेजारी शेजारी वाचले की बाईच्या पोटात गोळाच येणार. मी बघत होते, की प्रश्न वाचला की पहिल्यांदा त्या पॅडवरून मान वर करून दाराकडे बघायच्या, कुणी आहे का. मग कुणी दहा वर्षांपूर्वीचा पूर लिहायच्या, कुणी वॉर्डात दारू पिऊन आलेल्या नातेवाइकाचा दंगा. खरं असायचं ते, पण त्यात सिस्टरने काय केलं ते कुठेच नसायचं. फक्त एकीने सांगितलं, तिशीची होती, तिनं त्या ट्रेमधून अँप्युल घेतली, सिरिंजमध्ये ओढली, अँटिबायोटिक पातळ करायला घेतलं होतं ते, आणि टाकण्याआधी सवयीने रिकामी अँप्युल परत एकदा डोळ्यांपुढे धरली तर पोटॅशियम. सिरिंज तिथेच सिंकमध्ये रिकामी केली. हात थरथरत होते म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या पैशाने मिठाईचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा लाल चिकटपट्टी लावून आणला आणि सगळं पोटॅशियम त्यात हलवलं, आणि कुणी विचारलं तर ट्रेमध्ये जागा नव्हती असं सांगितलं. हे सगळं बोलून झाल्यावर तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, हे लिहिलंत का? फाडा ते. माझ्यासमोर फाडा."

मी फाडलं. संमतीपत्रावर लिहिलेलं होतं की कधीही माघार घेता येईल, तिनं घेतली. आज मी हे इथे सांगतेय ते दिवस, गाव, वॉर्ड सगळं बदलून, आणि तिलाही नंतर भेटून विचारलंय. पण तेव्हा माझ्या थिसिसमध्ये ती नाही. तो लाल डबा पण नाही.

आणि मग त्या परिसेविका. फिमेल मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, अंगाने बारीक, आवाज मात्र वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. स्टुडंट असताना मी त्यांच्या हाताखाली पोस्टिंग केलेलं होतं त्यामुळे मला अगं-तुगं करायच्या. त्यांच्याकडे मी मोठ्या आशेने गेले होते. बाकी कुणाकडे नसेल एवढं या बाईकडे असणार. त्यांनी चष्मा लावून फॉर्म सगळा वाचला, वय, शिक्षण, अनुभवाची वर्षं सगळं सुंदर अक्षरात भरलं, तेहतीस वर्षं लिहिलं, आणि गंभीर घटनेच्या मोठ्या रिकाम्या चौकटीत एक ओळ लिहिली. 'तसं काही घडलं नाही.' खाली सही, तारीख. मी म्हटलं सिस्टर असं कसं, तेहतीस वर्षांत काहीच नाही? तर म्हणाल्या, अगं माझ्या वॉर्डात नाही होत काही. त्यात तोरा अजिबात नव्हता, थोडी माफी मागितल्यासारखंच म्हणाल्या, की तुझा फॉर्म वाया गेला. मग म्हणाल्या चल चहा घेऊ, आणि आम्ही त्यांच्या त्या पार्टिशनमागच्या टेबलापाशी बसलो, जिथे इनडेंटच्या वह्यांचा गठ्ठा, रिकामे सलाईनचे खोके आणि एका बाटलीत लावलेली मनी प्लँटची फांदी असायची.

चहा पिताना त्या सहज बोलत होत्या. मी पॅड पिशवीत टाकलं होतं, रेकॉर्डर बंद होता. बोलता बोलता त्यांनी बेड नंबर अकराच्या आजीकडे बोट केलं. डायबेटिसची पेशंट, पायाला जखम, खेड्यातून आलेली, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. म्हणाल्या, परवा सकाळी मी इन्सुलिन भरून तिच्यापाशी गेले तर खाली फरशीवर मुंग्या. भिंतीपासून रांग, सरळ तिच्या लॉकरपर्यंत. आता वॉर्डात मुंग्या नवीन नाहीत, पण अकरा नंबरला गोड कशाला असेल, तिला साखर बंद आहे. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि लॉकर उघडलं. तर आत गमछात बांधलेले पाव. दवाखान्याचे, सकाळच्या दुधाबरोबर मिळतात ते. तीन दिवसांचे, खालचे कडक झालेले, आणि दोन केळी, एक काळं पडलेलं. म्हटलं आजी हे काय. तर आजी बोलेना. मग शेजारच्या बाईने सांगितलं, नातू येतो चार वाजता भेटायला, सहा-सात वर्षांचा, त्याच्यासाठी ठेवते. म्हणजे तीन दिवस ही बाई सकाळी इन्सुलिन घेत होती आणि नुसतं दूध पीत होती.

मी विचारलं, मग? मग काय, त्या म्हणाल्या. इन्सुलिन तसंच ठेवलं. मावशींना सांगितलं ट्रॉली आधी अकरा नंबरला आणा. समोर बसून दूध-पाव खायला लावला, तिनं पहिला घास घेईपर्यंत सुई लावली नाही. आणि किचनला सांगून अकरा नंबरचा एक पाव जास्त लिहून घेतला, नातवाचा, तो माझ्या टेबलात ठेवते, चार वाजता देते. बस. हे सांगताना त्यांनी टेबलाचा ड्रॉवर थोडासा ओढून दाखवला. पेपरात गुंडाळलेला पाव होता. त्याचा तो आंबूस ताजा वास आणि ड्रॉवरमधल्या स्पिरिटचा वास एकत्र आला, तो वास मला आजही कुठल्याही बेकरीसमोर आठवतो.

नंतर मी केस पेपर बघितला, खास जाऊन. त्या सकाळच्या नोंदीत एवढंच होतं की साडेसातचं इन्सुलिन सात पन्नासला दिलं. वीस मिनिटं उशीर. कुणी ऑडिट केलं असतं तर हा उशीर काढला असता.

मुक्कामाला गेल्यावर फॉर्म लावत बसले तेव्हा त्यांचा फॉर्म मी हातात घेऊन बराच वेळ बसले होते. आजीची गोष्ट मला लिहायची होती. पण ती मुलाखतीत सांगितलेली नव्हती, फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या हाताने नाही म्हणून लिहिलं होतं, आणि मुख्य म्हणजे ती बसत नव्हती. परिणाम निश्चित पाहिजे. इथे परिणाम काय? आजीची साखर धोक्याइतकी खाली गेली नाही. घाम फुटला नाही, बेशुद्ध पडली नाही, कुणी धावलं नाही, डेक्स्ट्रोज लागलं नाही. काही झालं नाही हा परिणाम धरायचा कसा? गाईड मॅडमना विचारलं, त्या चांगल्या होत्या, मनापासून शिकवायच्या, पण म्हणाल्या की एक्स्टर्नल परीक्षक विचारतील यात आउटकम, म्हणजे परिणाम, कुठेय, कशाला अंगावर घेतेस, काढून टाक. मी काढून टाकला. टेबलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'माहिती अपूर्ण असल्याने वगळलेले'. तेहतीस वर्षं, माहिती अपूर्ण.

व्हायव्हा छान झाला. मार्कही चांगले पडले.

हे टेक्निक खोटं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, मी अजून तेच शिकवते आणि मला ते जीवापाड आवडतं. उलट नंतर जेव्हा शिकवायची म्हणून फ्लॅनगनचा तोच लेख परत वाचला तेव्हा लक्षात आलं की तो स्वतःच म्हणतो, हे काही पक्के नियम नाहीत, तत्त्वं आहेत, समोरच्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या. ते वाक्य मी बसमध्ये दोनदा वाचलं असणार आणि दोन्ही वेळा सोडून दिलं असणार, कारण मला तेव्हा नियमच पाहिजे होते. आणि मग पॅट्रिशिया बेनर वाचली. कॅलिफोर्नियातली नर्सच ती, तिनं १९८४ च्या पुस्तकासाठी सिस्टरकडून असेच प्रसंग गोळा केले, नवखी सिस्टर तज्ज्ञ कशी होत जाते ते बघायला. तिनं कुठकुठले प्रसंग मागितले ती यादी मी वाचली आणि हात थांबला. तुमच्यामुळे खरोखर फरक पडला असा प्रसंग. फार छान जमून आलेला. सगळं बिघडलेला. कस लागलेला. आणि त्यातच एक, अगदी साधा, नेहमीचा. साधा, नेहमीचा प्रसंगही क्रिटिकल असू शकतो हे छापलेलं होतं, मी फॉर्म काढायच्या कितीतरी वर्षं आधी. नॉर्मन, रेडफर्न वगैरे मंडळींनी तर १९९२ मध्ये लंडनहून सरळ लिहिलं होतं, की पेशंट आणि नर्स जे सांगतात त्याला विमानासारखी सुरुवात आणि शेवट नसतो, एकातून एक निघत जातं, आणि ते महत्त्वाचं ठरतं ते सांगणाऱ्याला त्यात जो अर्थ दिसतो त्यामुळे. हे मला वेळेवर कुणी दाखवलं असतं तर, असं वाटतं खरं, पण शोधायचं काम माझंच होतं.

विमान पडतं तेव्हा आवाज होतो. वॉर्डात सिस्टरच्या हातून जे होतं त्यातलं निम्म्याहून जास्त, माझ्या मते, हे न होण्याचं काम असतं. बेडसोर होत नाही. म्हातारा बाथरूममध्ये पडत नाही, कारण कुणीतरी फरशी पुसायला लावली आणि त्याची काठी उजव्या बाजूला आणून ठेवली. बाळाला गार लागत नाही. सलाईन संपून नळीत हवा जात नाही. आणि हे जिच्या हातून होतं तिला जर विचारलं, काय घडलं, तर ती खरंच सांगते, काही नाही. ती काही लपवत नसते. घटना शोधायला गेलेली मी, तिच्या कामाचा पुरावाच हा की घटना नाही, आणि मी तो पुरावा वगळला.

आता मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्या दिवशी तो प्रश्न बदलायला लावते. गंभीर शब्द काढा, घटना काढा. प्रसंग म्हणा, किंवा तेही नको, नुसतं विचारा, सिस्टर, गेल्या आठवड्यात तुम्हाला कशामुळे थांबावंसं वाटलं. कशाकडे परत वळून बघितलंत. काय केलंत आणि ते केलं नसतं तर काय झालं असतं. एवढं बदललं तरी बायका बोलतात, इतक्या बोलतात की पोरींच्या वह्या पुरत नाहीत. कालच एक मुलगी सांगत होती, एका सिस्टरने तिला सांगितलं की पेशंट रोज 'गुड मॉर्निंग सिस्टर' म्हणायचा आणि त्या दिवशी म्हणाला नाही, म्हणून तिनं बीपी घेतलं. कुठल्या प्रोटोकॉलमध्ये बसवणार हे? पण मी तिला म्हटलं लिही, जसंच्या तसं, तिचेच शब्द. आणि रेकॉर्डर बंद करून पिशवी उचलल्यानंतर चहाला जे बोलतात ते, परवानगी विचारून, तेही. भाषांतराचं सर्टिफिकेट अजूनही लागतंच. ते घ्या, पण त्याआधी एखाद्या मावशींना वाचून दाखवा आणि त्यांचा चेहरा बघा.

त्या परिसेविका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एकदा लग्नात भेटल्या होत्या, गुडघे दुखतात म्हणाल्या, खुर्चीवरून उठल्या नाहीत. मी त्यांना बेड नंबर अकराच्या आजीचं आठवतं का विचारलं. त्यांनी खूप आठवून बघितलं. म्हणाल्या, नाही गं, कोणती आजी?

तर सासऱ्यांच्या त्या रात्रीनंतरची सकाळ. साडेसातला मी मुद्दाम नर्सिंग स्टेशनपाशी गेले. ती पोरगी रिपोर्ट लिहून संपवत होती, डोळे लाल, केसातली पिन निसटलेली, टेबलावर अर्धा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. मी नर्सिंगवाली आहे हे तिला सांगितलेलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. म्हटलं, सिस्टर, रात्री तुम्ही ती नळी सरळ केलीत ना, तुमचं लक्ष कसं गेलं तिकडे? तिचं पेन थांबलं. चेहरा एकदम उतरला आणि तिनं आधी आजूबाजूला बघितलं, अगदी तसंच, आणि मग हळू आवाजात विचारलं, "काही चुकलं का काकू?"

मी म्हटलं नाही हो, उलट. मला नुसतं समजून घ्यायचंय. तिला ते पटायला वेळ लागला. मग पेनाचं टोपण लावत काढत म्हणाली, "आजोबा दोन वाजता पाय पसरून झोपले होते. नंतर मी बाजूच्या पेशंटचं सलाईन बदलायला आले तर त्यांनी पाय पोटाशी घेतले होते. झोपेतच. मला वाटलं, बघावं." एवढंच. मी विचारलं हे लिहिलंत का कुठे? ती गोंधळली, म्हणाली, "हे काय लिहायचं?"

तेवढ्यात मॉर्निंगची सिस्टर आली, पर्स ठेवली, वही उघडली. मी बाजूला झाले. दोघी बेडवरून बेडवर जात सासऱ्यांपाशी आल्या. पोरगी सवयीने नळीवरून हात फिरवत, वरून खालपर्यंत, रेलिंगपाशी क्षणभर थांबत, एका दमात म्हणाली, "चार नंबर, टीयूआरपी, डे वन, इरिगेशन चालू, युरिन क्लिअर, व्हायटल्स स्टेबल. काही विशेष नाही." मॉर्निंगच्या सिस्टरने ते लिहून घेतलं आणि दोघी पाच नंबरकडे गेल्या.